पाचाचे अर्धे तीन

१

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास दोन मिनिटांचे मास्तर चोर ठरले. दुपारच्या जेवणापर्यंत ही बातमी सत्तर हजार लोकांनी पाहिली होती.

मास्तर शाळेत गणित शिकवायचे. चार वर्षांपूर्वी त्यांनी घरातल्या टेबलावर फोन उभा केला आणि दोन मिनिटांत गणितातली एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. समोर बटणं, काड्या, पुठ्ठ्याचे तुकडे. शाळेत गणिताच्या तासाला जी मागच्या बाकावर दडायची अशी मोठी माणसंही त्यांचे व्हिडिओ बघू लागली. बघता बघता पाच लाखांचा गोतावळा झाला.

सगळ्यात गाजला तो चौकोनांचा व्हिडिओ. एकाचा एक चौकोन घ्या, दोनाचे दोन, म्हणजे दोन घरं बाजूचे दोन, तिनाचे तीन, चाराचे चार. नीट मांडले की सगळ्यांचा मिळून एकच मोठा चौरस होतो, दहा बाय दहाचा. पाचाचे पाच आणखी घेतले तर पंधरा बाय पंधराचा. फक्त दोनाच्या आणि चाराच्या वेळी त्यातला एक चौकोन मधोमध कापून दोन बाजूंना लावावा लागतो. सुरुवातीला मास्तर म्हणायचे, "परवा बसल्या बसल्या मला एक गंमत सुचली." आणि शेवटी हसून सांगायचे, "इतकं सोपं आहे की माझ्या ताईलाही कळलं. ती सातवी शिकलीय, पडदे शिवते."

या व्हिडिओंचं पुस्तक आमच्या छापखान्यात तयार होत होतं. मी तिथली मुद्रितशोधक. छपाईआधीच्या पानांमधल्या चुका शोधणं हे माझं काम. एकतीस वर्षं तेच करतेय, म्हणून सगळे मला भिंगमावशी म्हणतात.

संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि फोन पुढे सरकवला. 'कच्चं काम' नावाच्या कुठल्याशा खात्याने एका वहीच्या पानाचा फोटो टाकला होता. चौकटीच्या वहीवर पेनाने काढलेला तोच मोठा चौरस, आत तेच तुकडे, वर सात वर्षांपूर्वीची तारीख. खाली एक ओळ होती. "ही कल्पना मास्तरांची नाही."

"सोमवारी पुस्तक मशीनवर चढवायचंय," संपादक म्हणाले. "वही खरी असेल तर सगळं थांबवावं लागेल. मावशी, तुम्ही एकदा नजर टाका."

मी फोटो मोठा केला. पानाच्या तळाला आमच्याच छापखान्याची बारीक खूण होती. चौकटींच्या रेघा करड्या. आमच्या वह्यांच्या रेघा तीन वर्षांपूर्वीपर्यंत निळ्या असायच्या. करडी शाई आम्ही त्यानंतर घेतली. सात वर्षांपूर्वी असं पान जगात नव्हतंच.

वही खोटी होती. तसं सांगायला मी तोंड उघडलं, पण "अजून थोडं तपासते" एवढंच म्हणाले. पानाच्या उजव्या कडेला एक लहान आकृती होती. पाच घरं रुंदीचा एक चौकोन, त्याच्यापुढे बाण, आणि बाणापुढे त्याचे दोन अर्धे भाग. मी घरं मोजली. प्रत्येक अर्धा भाग तीन घरांचा होता.

इतकी नेटकी आकृती काढणाऱ्या माणसाला पाचाचं अर्धं करता येत नव्हतं?

२

मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला मास्तरांचं टेबल, दिवा, फोन उभा करायचा चिमटा. दुसऱ्या भिंतीला शिलाई मशीन, आणि खुर्चीवर, जमिनीवर, खिडकीत पडद्यांच्या कापडाचे ढीग. मशीनवर त्यांची थोरली बहीण बसली होती. चष्मा नाकावर, गळ्यात मोजपट्टी.

"ताई, जरा थांबव गं," मास्तर म्हणाले. मशीन थांबलं.

मास्तरांचे डोळे सुजले होते. "रोज शिव्या येतायत. शाळेत मुलं मागून कुजबुजतात. चार वर्षं जीव ओतला, बाई. एक फोटो आणि सगळं मातीमोल."

"ही मांडणी सुचली कशी तुम्हाला?"

"सुचली," ते म्हणाले. "बसल्या बसल्या."

"कागदावर काही उतरवलं असेल ना? कच्च्या आकृत्या, खाडाखोड?"

"थेट पुठ्ठेच कापले मी." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "हे कुणी केलंय ते मला माहीत आहे. माझी जुनी विद्यार्थिनी आहे. तीही व्हिडिओ करते आता. माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली चुका काढते. मंगळवारी रात्री मी लोकांना सांगितलं, की ज्या रोपट्याला पाणी घातलं त्यानेच काटा टोचला."

"नाव घेतलंत?"

"नाव घ्यायची गरजच पडली नाही. लोकांना बरोबर कळलं."

बहिणीने पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवला. "वहीचं काय ठरलं?" तिने विचारलं.

"अजून काही नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि ती मशीनकडे परत गेली. मी जिना उतरत होते तेव्हा मास्तरांचा फोन वाजला. वरून त्यांचा आवाज आला, एकदम हलका झालेला. "काय सांगतोस? तिला क्लासमधून काढून टाकलं?"

३

विद्यार्थिनी एका खाजगी क्लासमध्ये शिकवायची. मी पोचले तेव्हा ती खोक्यात पुस्तकं भरत होती. तीसेक वर्षांची, केस घट्ट बांधलेले.

"तुम्हीपण शिव्या द्यायला आलात का?"

"मी मुद्रितशोधक आहे. चुका शोधते."

"मग आपला धंदा एकच," ती म्हणाली. जराशी हसली. "दोन दिवसांत अकरा पालकांनी मुलं काढून घेतली. गुरूशी गद्दारी करणारी बाई काय शिकवणार, म्हणे. क्लासवाल्यांनी हात जोडले. काय करतील बिचारे."

"फोटो तू टाकलास?"

"मला काही म्हणायचं असेल तर मी स्वतःच्या नावाने म्हणते. म्हणूनच तर सगळ्यांना मी चांगली सापडले."

ते खरंच होतं. पाच महिन्यांपूर्वी त्या व्हिडिओखाली तिनेच स्वतःच्या नावाने लिहिलं होतं, "कल्पना कुणाची, सर?" मी त्याबद्दल विचारलं.

तिने फोनवर व्हिडिओ लावला. मास्तर चाराचा कापलेला तुकडा उचलतात, आडवा ठेवतात. तो बसत नाही. मग ते क्षणभर डावीकडे बघतात, फोनच्या पलीकडे. तुकडा फिरवतात. बसतो.

"सर वर्गात कधी कुणाकडे बघायचे नाहीत," ती म्हणाली. "फळ्याकडे बघून शिकवायचे. इथे ते कुणाला तरी विचारतायत. कुणीतरी तिथे बसलंय आणि त्या माणसाला उत्तर सरांच्या आधी माहीत आहे."

मी तिला वहीतली लहान आकृती दाखवली.

"पाचाचे अर्धे तीन," ती म्हणाली. "यावरून सगळे हसतायत. म्हणतात, चोरणारीला भागाकारही येत नाही." तिने खोक्याला चिकटपट्टी लावली. "निदान एवढं तरी त्यांनी लक्षात घ्यावं, की मला येतो."

४

मास्तरांच्या व्हिडिओंवर तोंडसुख घेणारे दुसरे म्हणजे कॉलेजातले प्राध्यापक. 'गणिताचा तमाशा' असा त्यांनी एकदा लेखच लिहिला होता. त्यांच्या खोलीत कागदांच्या चळती होत्या आणि बसायला एकच खुर्ची, त्यांची.

"कल्पना कुणाची?" ते म्हणाले. "कुणाचीच नाही. हा नियम शेकडो वर्षं जुना आहे, चौकोन मांडून दाखवायची रीतही जुनी. शिकलेल्या माणसाने हे पुस्तकात पाहिलेलं असतं. मास्तरांनी सुचलं म्हणून सांगणं हास्यास्पद, आणि ते चोरलं म्हणून ओरडणं त्याहून हास्यास्पद."

"मग तुम्ही फोटो टाकला नसणार."

"मी टाकला असता तर तळटिपेत संदर्भ दिले असते," ते गंभीरपणे म्हणाले. मला ते पटलं.

आकृती पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं. मग पुन्हा पाहिली. "विचित्र आहे. मोठ्या चौरसात चाराचा चौकोन बरोबर चार घरांचा, त्याचा अर्धा बरोबर दोनाचा. बाहेर काढला की तोच चौकोन पाचाचा होतो आणि अर्धा तिनाचा. आत गणित बरोबर, बाहेर चूक. असं कोण करेल?"

"ज्याच्या दृष्टीने ती चूक नाही असा कुणी."

"गणितात दृष्टी नसते, बाई. पाचाचे अर्धे अडीच."

संध्याकाळी छापखान्यात बसून मी विचार केला. व्हिडिओ पाहून कुणी वही रचली असती तर पुठ्ठ्यासारखीच आकृती काढली असती, चाराचा चौकोन आणि दोनाचा अर्धा. ही बाहेरची आकृती व्हिडिओत कुठेच नाही. म्हणजे वही खोटी असली तरी काढणाऱ्याने ती नकललेली नव्हती. हे चौकोन त्याने कधीतरी स्वतः, हाताने कापले होते.

शुक्रवारी सकाळी मास्तर शाळेत असताना मी पुन्हा तिसरा मजला चढले.

५

दार उघडंच होतं. बहीण जमिनीवर बसून कापडावर खडूने रेघ मारत होती आणि फोन कान व खांद्यात धरून गिऱ्हाइकाशी बोलत होती. मला तिने हाताने बसायला सांगितलं.

"अहो, पन्नास इंची पडदा हवा तर पंचवीस-पंचवीसचे दोन तुकडे कापून कसं चालेल?" ती म्हणत होती. "जोडात कापड जातं ना. दोन्ही तुकड्यांना शिलाईची जागा सोडावी लागते. नाहीतर तोकडा पडेल."

मी उभीच राहिले.

चार बोटांचा चौकोन शिवायचा तर दोन्ही कडांना अर्धं अर्धं बोट शिलाईत जातं. म्हणून कापायचा पाच बोटांचा. त्याचा अर्धा दोन बोटांचा, पण त्यालाही दोन कडा आहेत. म्हणून तो कापायचा तिनाचा. तीन आणि तीन जोडले, मधे एक बोट शिलाईत गेलं, की राहतात पाच.

कापडात पाचाचे अर्धे तीनच असतात.

मास्तर व्हिडिओत डावीकडे बघत होते. टेबलाच्या डाव्या हाताला शिलाई मशीन होतं.

तिने फोन ठेवला. मी त्या वहीच्या पानाचा फोटो तिच्यासमोर धरला. तिने खडू खाली ठेवला.

"अर्ध्यावरून कळलं?" तिने विचारलं.

"हो."

"हाताला सवय आहे," ती म्हणाली. "पुठ्ठ्यासारखं काढायला हवं होतं मी."

६

"गेल्या वर्षी उरलेल्या तुकड्यांची चादर शिवत होते," ताई सांगू लागल्या. त्या सांगताना हाताने कापड सारखं करत होत्या. "एकाचा एक, दोनाचे दोन असे चौकोन होते. म्हटलं, लावून बघू. बरोबर चौरस झाला. एक धागा कमी नाही, जास्त नाही. मग पाचाचे घेतले. पुन्हा झाला. सहाला परत एक फाडावा लागला. चार दिवस मी दुसरं काही शिवलं नाही. भावाला म्हटलं, अरे, असं का होतं? तो खूप वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ताई, हे ठेव, मला लागेल."

"आणि त्यांनी व्हिडिओ केला."

"मला म्हणाला, मशीन बंद ठेव, आवाज येतो. मी इथे बसून ऐकलं. सुचली म्हणाला, तरी मला काही वाटलं नाही. घरातलंच माणूस. शेवटी म्हणाला, सातवी शिकलेल्या ताईलाही कळलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्या घरात दोघांपैकी एकालाच पुढे शिकवायचं ठरलं होतं. वर्गात पहिली मी यायचे."

"पाच महिने तुम्ही बोलला नाहीत. मग आताच का?"

"पुस्तकाची पानं तपासायला घरी आली होती. त्यात ते वाक्य छापलेलं होतं. मी त्याला म्हटलं, माझं नाव नको घालूस, पण तेवढं एक वाक्य काढ. तो म्हणाला, ताई, लोकांना तेच तर आवडतं." त्यांनी चष्मा नीट केला. "ती पानं तुम्हीच तपासली होतीत ना?"

"हो."

"त्या वाक्यात तुम्ही लाल शाईने स्वल्पविराम घातला होता. 'शिकलीय'च्या पुढे."

मला आठवलं. वाक्य वाचून मी हसलेही होते.

"खरी वही कुठून आणू? मी खडूने काढते, ते पुसलं जातं. म्हणून नवी वही घेतली, जुनी तारीख टाकली. फोनवर पडद्यांचे फोटो टाकतेच, तसाच वेगळं खातं उघडून हा टाकला. वाटलं, तो घाबरेल आणि वाक्य काढेल. त्या पोरीवर जाईल असं नव्हतं वाटलं."

"तिची नोकरी गेली, ताई. मंगळवारपासून तिचं काय चाललंय ते तुम्ही ऐकताय."

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. मग तो उठतो, तोंड धुतो, मला म्हणतो, ताई, तुझ्याशिवाय मला कुणी नाही."

जिन्यावर पावलं वाजली. मास्तर त्या दिवशी लवकर घरी आले होते.

७

मास्तरांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. बहिणीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"म्हणजे वही खोटी आहे," ते शेवटी म्हणाले.

"वही खोटी आहे आणि वहीतलं म्हणणं खरं आहे."

"नाही, खरं कसं? तिने तुकडे जोडले. का जुळतात ते तिला सांगता आलं नव्हतं. तिनाला, पाचाला का कापावा लागत नाही आणि चाराला, सहाला का लागतो, ते मी शोधलं. चार रात्री बसून. गणित त्यालाच म्हणतात, बाई."

"मग तेवढंच सांगायचं होतं. चौकोन ताईंनी मांडले, कारण मी शोधलं."

"तिचा उल्लेख केलाय की मी."

"कसा केलाय ते तुम्हाला माहीत आहे."

त्यांचा चेहरा जरासा हलला. वाटलं, आता हा माणूस खाली बसेल आणि काहीतरी म्हणेल. पण त्यांनी खिशातून फोन काढला. "वही खोटी आहे एवढं लिहून द्या. बाकीचं आमच्या घरातलं आहे. घरातलं मी बघीन."

ताईंनी खाली पडलेला खडू उचलला आणि अर्धी राहिलेली रेघ पूर्ण केली.

मी संपादकांना दोन पानांचा अहवाल दिला. पहिल्यावर करड्या रेघा, दुसऱ्यावर पाचाचे अर्धे तीन. त्यांनी दोन्ही वाचली. वाईट माणूस नाही तो. दुसरं पान त्यांनी दोनदा वाचलं.

"मावशी, हे सिद्ध कसं करायचं?"

"तेच तर सिद्ध केलंय."

"तुम्हाला आणि मला. लोकांना हे शिलाईचं प्रकरण समजावायचं तर दोन मिनिटं लागतील. आणि दोन मिनिटांत समजावणारा माणूस तिकडे आहे." त्यांनी पहिलं पान ठेवून घेतलं. "एवढं पुरेसं आहे."

"मग ते एक वाक्य तरी काढा."

"लेखकाला विचारावं लागेल," ते म्हणाले. शनिवारी त्यांनी कळवलं की लेखकाची तयारी नाही.

मास्तरांनी त्याच दिवशी नवा व्हिडिओ टाकला. वही बनावट असल्याचं तज्ज्ञांनी सिद्ध केलंय, मनात कुणाबद्दल कटुता नाही, पुस्तक येतंय. नऊ लाख लोकांनी पाहिला. मी स्वतःच्या नावाने खाली लिहिलं, की त्या तज्ज्ञांतली मी एक आणि अहवालाचं दुसरं पान त्यांनी दाखवलेलं नाही. दहा मिनिटांत ते पुसलं गेलं.

८

विद्यार्थिनीकडे ताईंना मी घेऊन गेले. तिने दारातच सगळं ऐकून घेतलं.

"मला वाटलंच होतं कुणीतरी बसलंय तिथे," ती म्हणाली. "मांडणी सुंदर आहे, काकू. खरंच सांगते." मग तिचा आवाज कोरडा झाला. "पण पाच दिवस तुम्ही मला जळताना बघत होतात. तुमच्यावर अन्याय झाला म्हणून मी तुम्हाला माफ करायचं, असं काही मला जमणार नाही."

"नको करूस," ताई म्हणाल्या. "तुझ्या क्लासवाल्यांना मी सांगते, हवं तर."

"वही माझी नाही, हे माझं सांगून झालंय. सरांचा व्हिडिओ आल्यावर ते म्हणाले, बघ, वही खोटीच निघाली ना." तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

पंधरा दिवसांनी ताईंनी स्वतः एक व्हिडिओ केला. मास्तर शाळेत असताना, जमिनीवर कापड अंथरून. चेहरा नाही, फक्त हात, रंगीत चौकोन आणि त्यांचा सावकाश आवाज. सहाचा चौकोन पुढे आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता हा कापायचा, पण अर्ध्यात नाही. अर्ध्याहून जरा जास्त. का ते सांगते." आणि त्यांनी कारणही सांगितलं, चौकोनांचंसुद्धा, ज्याला मास्तरांनी चार रात्री घालवल्या होत्या ते. इतकं स्वच्छ मी छापील पानावरही कधी वाचलेलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी गेले तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला. एकशे बारा लोकांनी व्हिडिओ पाहिला होता. खाली एकानेच लिहिलं होतं, "मास्तरांचं ढापलंय. निदान त्यांचं नाव तरी द्यायचं." त्याला चाळीस जणांनी पसंती दिली होती.

"मी उत्तर लिहिते," मी म्हणाले. "सगळं लिहिते."

"म्हणजे परत वही निघेल. परत त्या पोरीचं नाव येईल." त्यांनी फोन काढून घेतला. "आणि मला याच घरात राहायचंय."

एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, त्या बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या. मग शुद्धलेखन बघायला म्हणून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"मास्तर माझे धाकटे भाऊ आहेत. हे त्यांच्याकडूनच शिकले. त्यांची आभारी आहे."

मी दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तसं मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते पाठवून दिलं.